गजूभाऊंचा एक नंबर माल

शेजारचे गजूभाऊ चहाला आले आणि बसल्याबसल्या त्यांनी माझ्या नव्या उशीची शिवण उसवली. चोरून नाही, चक्क माझ्यासमोर! आतला पुंजका काढून चिमटीत ताणला आणि निकाल दिला, "वैनी, फसल्या तुमी. धागाच नाही याच्यात!"

दिग्रसच्या एका जिनिंग कारखान्यात कापसाची प्रत ठरवणं हे त्यांचं काम. त्यांच्या खिशात पेन नसेल, पण 'एक नंबर माला'चा पुंजका असतोच. लोक देवाचा फोटो बाळगतात तसा.

हा माणूस अलीकडे कापसापेक्षा स्वतःच्या पोरीकडे बारकाईनं बघू लागला होता. श्रावणी बारा वर्षांची. ती बालवाडीत असतानाच तिची आई गेली. घरात दोघंच.

"तो दिवस आला अन् पोरगी घाबरली तं? मले सांगितलंच नाही तं?" या काळजीनं गजूभाऊ वाळत चालले.

कुणीतरी म्हणालं, या वयात पोरींना रक्त वाढवणारं खाऊ घाला. झालं! वरणात जवस, भाकरीत तीळ, दोन्ही वेळा अंबाडीची भाजी. चिप्सची पाकिटं हद्दपार. पोरीला सोबत म्हणून स्वतःची कचोरीही बंद. तिनं पोटाला हात लावला की हे उभे.

"पोट दुखते काय, बेटा?"

"तुमचे जवस दुखून राह्यले, बाबा!"

मग एके दिवशी ते मेडिकलमधून पॅडचं पाकीट घेऊन माझ्याकडे आले. एक पॅड आधीच फाडलेलं. "पाहा वैनी, लगदा हाय हा, लगदा! माझ्या पोरीले हे?" आणि पिशवीतून जिनिंगमधला ढगासारखा कापूस काढला. "हे घ्या, एक नंबर माल. याचं शिवून द्या."

मी त्या कापसावर पेलाभर पाणी ओतलं. एक थेंब मुरला नाही. सगळं घरंगळून फरशीवर!

गजूभाऊंनी तो कोरडा पुंजका उलटसुलट करून पाहिला. "जिंदगीभर याची तारीफ केली, वैनी. ऐन वक्तावर दगा देते काय हा?"

"न धुतलेल्या कापसावर मेणासारखा थर असतो, भाऊ, तो पाणी धरत नाही. ते पाकीटच ठेवा कपाटात. ते कसं वापरायचं, मी समजावते तिला. पण तुम्हीही बोला तिच्याशी."

"मले कुठं जमते? त्या दिवशी ती तुमच्याकडेच येईन. तुमीच सांभाळा."

आता मला सांगा, अशी संधी मी सोडते होय? श्रावणीला सगळं नीट समजावलं. शिवाय त्या दिवसासाठी आरशासमोर उभं राहून भाषण बसवलं. सुरुवातीला धीर, मध्ये विनोद, शेवटी मिठी.

परवा दुपारी गजूभाऊ कंपाउंडच्या भिंतीशी आले. चेहरा पांढराफटक.

"झालं, वैनी."

"मग पाठवा ना तिला!"

"झोपली. गरम पाण्याची पिशवी देल्ली. शाळेतून आली, दप्तर ठेवलं अन् म्हणे, बाबा, ते पाकीट कुठी हाय?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, भूक लागली काय? तं हासली. दोन भाकरी खाल्ल्या."

माझं भाषण घशातच राहिलं. गजूभाऊ भिंतीच्या पोपड्याशी चाळा करत उभे होते.

"तुमच्याकडे नाही आली, वैनी. पयले मलेच सांगितलं."

मग त्यांनी खिशातला पुंजका काढून डोळ्यांना लावला. पाणी तसंच गालावरून घरंगळलं. एक नंबर माल होता ना तो!