माडाचं खत आणि सलोनीची टाकी

एक बाटली खत विकत घ्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता. आमची सलोनी पुण्याला शिकायला जाताना तिची माशांची काचेची टाकी माझ्या स्वाधीन करून गेली. आत मासे, आणि पाण्यात वाढणारी हिरवीगार झाडं. ती चतुर्थीला येणार आणि इकडे झाडं पिवळी पडलेली! तिला फोन करावा, तर 'बाबा, एवढासुद्धा जमला नाय?' हे ऐकावं लागणार. (ऐकायची सवय आहे, पण बायकोच्या तोंडून.)

मोबाईलवर पाणझाडांच्या खताचा भाव पाहिला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. अहो, तेवढ्यात आमच्या तोंडवलीत माणूस आठवडाभर सुरमई खाईल! मग माझं डोकं चाललं. (तिथेच घात झाला.) आम्ही माडाला मासळीचं खत घालतो. सुकी मासळी मुळाशी पुरली की माड कसा तरारतो! मग या बोटभर झाडांचं काय घेऊन बसलात? मूठभर खत फडक्यात बांधून हळूच टाकीत सोडलं.

दुसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं झालं, आणि वासाबद्दल तर बोलूच नये. त्यात गणपती उद्यावर आलेला. माझी बायको विमला घरभर डबे हुंगत फिरत होती.

"अवो, सुक्या म्हावऱ्याचो वास खंयसून येता?"

"माका नाय गो येणा."

तेवढ्यात शेजारची मांजर आली आणि थेट टाकीसमोर बसली. फितूर मेली! विमलाने फडकं बाहेर काढलं.

"ह्या काय?"

"माडाचा खत."

"माडाच्या मुळात मासे पोवतत काय? चेडवाचे मासे मेले तर काय सांगशात तिका?"

मला खरंच रडू यायचं बाकी होतं. विमलाने मासे माझ्या आंघोळीच्या बादलीत सोडले, टाकी घासून घेतली (माझ्याकडून), आणि मी विहिरीवर आंघोळ केली.

सलोनी आली. मासे सगळे जिवंत बघून माझा जीव भांड्यात पडला. तिने झाडं निरखली.

"बाबा, टाकीचो दिवो लावतास मा?"

"दिवो? मासे काय पेपर वाचतत? तू गेलंस तेवाच बंद केलंय. बिल येता गो!"

"झाडांक उजेडच नाय, मगे पिवळी पडतली नाय तर काय!"

आता टाकीचा दिवा दिवसभर जळतो. बिल वाढू नये म्हणून विमलाने ओटीवरचा माझा दिवा काढून ठेवलाय. त्यामुळे संध्याकाळी मी स्टूल घेऊन टाकीपाशी पेपर वाचतो, आणि मासे काचेला नाक लावून मला बघायला जमतात.