बारा पोशाखांच्या परीक्षेची बखर

श्रीगणरायास आणि वाग्देवीस नमन, आणि ज्याने उघड्या जगावर आकाशाचे वस्त्र पांघरविले त्या जगन्नियंत्यास तिसरे नमन करून, शके सोळाशे चौऱ्यायशी, चित्रभानु नाम संवत्सरी जे वर्तमान घडले ते पाहिले-ऐकिले तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. राज्य मोठे, पाणी गोड, आणि लोक पोशाखाचे भारी शौकीन. तेथे चैत्रात एक आणि कार्तिकात एक असे दोन वस्त्रमहोत्सव होत. राजवाड्यापुढील पटांगणात शंभर हात लांब लाकडी वाट उभारावी, तीवर गालिचे घालावे, दोन्ही अंगांस दरबारी मंडळींनी बसावे, आणि राज्यातील नामांकित शिंप्यांनी त्या हंगामाचे मर्दानी पोशाख बांधेसूद जवानांच्या अंगावर चढवून त्या वाटेने चालवावे, ऐसा शिरस्ता होता. जवान येई, वाटेच्या टोकास उभा राही, कमरेवर हात ठेवी, तोंड आंबट करी आणि माघारा जाई. तोंड आंबट का करावे हे कोणास ठाऊक नव्हते, परंतु हसरा जवान त्या वाटेवर कोणी पाहिला नव्हता. आणि पोशाख कैसाही असो, दरबारी मंडळी "वाहवा" म्हणत, कारण शेजारचा म्हणत असे.

त्या नगरीत रामाजी फरास म्हणून मनुष्य होता, महोत्सवाचे गालिचे घालण्याचे काम त्याजकडे. त्याचा पुत्र गिरमाजी, वय वर्षे एकोणीस, शरीराने काडी, स्वतःच्या अंगावर बापाचा जुना सदरा, परंतु पोशाखाचे वेड असे की मनुष्य भेटला तर आधी त्याची बाही पाहावी आणि मग तोंड. बापाच्या ओळखीने तो तंबूच्या खांबाआड बसून महोत्सव पाही आणि दुसरे दिवशी सकाळी आपला अभिप्राय कागदावर लिहून तलावाच्या भिंतीस चिकटवी. लिहिणे थोडे परंतु झोंबणारे. एका अंगरख्याविषयी लिहिले, "रंग वांग्याचा, डौलही वांग्याचा." एका धोतराविषयी लिहिले, "काठ पाहून डोळे दिपले, आत कोण होते ते कळले नाही." बायका घागरी खाली ठेवून वाचीत, न वाचता येणारे दुसऱ्याकडून वाचून घेत, आणि दिवसभर नगरीत हसू चाले.

मग चित्रभानु संवत्सरीचा चैत्र आला. दरबारचे शिंपी उस्ताद रहिमतुल्ला, तीस वर्षे त्यांचा हात धरणारा कोणी नाही, त्यांनी बारा पोशाखांचा ताफा वाटेवर आणिला. किनखापाचे अंगरखे, खांद्यांत बांबूच्या कामट्या घालून ते गरुडाच्या पंखांसारखे उभे केलेले, आणि गळपट्टे कानापर्यंत. परदेशचे वकील आषाढात भेटीस येणार, तेव्हा सरदारांनी हेच घालून त्यांचे स्वागत करावे म्हणून दिवाण भुजंगराव यांनी ते मुद्दाम करविले होते. "वाहवा" इतकी जाहली की घोडे बुजले. सर्वांच्या शेवटी सीमेवरच्या गावचा खेमाजी शिंपी म्हणून कोणी आला होता, त्याचा एकच करड्या सुताचा अंगरखा येऊन गेला, आणि लोक तोवर पानसुपारीस उठले होते. दुसरे दिवशी भिंतीवर कागद लागला. "उस्तादांचे बारा पोशाख पाहिले, मनुष्य एकही पाहिला नाही. यांतून हात वर होत नाही आणि मान वळत नाही. हे पोशाख उभे राहण्यास उत्तम आहेत, परंतु उभे राहण्यास खांबही उत्तम असतो. करडा अंगरखा पाहताना झोप आली."

हे वाचून नगरी हसली आणि दिवाण संतापले. सांजवेळी बोलावणे आले की उदईक हुजुरात हजर व्हावे. रामाजी कपाळास हात लावून बसला. "गिरमा, अरे सगळे जग वाहवा म्हणत होते. तुझ्याच घशात काय अडकले होते?" गिरमाजी म्हणाला, "बाबा, मला तो पोशाख आवडावा असे फार वाटत होते. उस्तादांचे काम पाहतच मी मोठा झालो. म्हणून तर राग आला." सकाळी बापाने आपला धुतलेला पंचा लेकाच्या खांद्यावर घालून दिला आणि आपणही मागोमाग गेला.

दरबार भरला. महाराज गादीवर, दिवाण उजवीकडे, उस्ताद डावीकडे मान खाली घालून उभे. दिवाण म्हणाले, "याने दरबारची अब्रू तलावावर टांगली. याची लेखणी मोडावी आणि महोत्सवाच्या मांडवात याने जन्मभर पाऊल ठेवू नये." ते ऐकून गिरमाजीने खांद्यावरचा पंचा मुठीत घट्ट धरिला, कारण त्यास त्या मांडवापलीकडे दुसरे सुख ठाऊक नव्हते. महाराजांनी विचारले, "तुझे म्हणणे काय?" तो म्हणाला, "महाराज, मी खोटे लिहिले असेल तर मांडव सोडतो. परंतु एकदा दिवाणसाहेबांनी त्यांतला पोशाख घालून आपणांस मुजरा करावा." दिवाण गर्जले, "आणा!" मग पोशाख आणिला आणि तिघांनी मिळून तो दिवाणांच्या अंगावर चढविला. दिवाण खरेच भव्य दिसू लागले आणि सभा "वाहवा" म्हणाली. मग ते मुजऱ्यास वाकले. हनुवटी गळपट्ट्यावर अडकली आणि हात गुडघ्याशी थांबला. दुसरे खेपेस जोर केला तो खांद्यातली कामटी काडकन मोडली. तिसरे खेपेस बगलेची शिवण चर्रकन उसवून दिवाणांचा पांढरा बंडी-सदरा सर्व दरबारास दिसला. महाराजांनी तोंडापुढे शेला धरिला, आणि मग सारी सभा मोकळेपणी हसली. एक गिरमाजी हसला नाही. तो उस्तादांकडे पाहत होता, आणि म्हातारा पांढराफटक पडला होता.

मग उस्ताद पुढे आले आणि म्हणाले, "हुजूर, पोरगा खरे बोलला. परंतु अर्धेच खरे. बेटा, करडा अंगरखा पाहून तुला झोप आली ना? तो घाल पाहू." खेमाजी शिंपी अजून धर्मशाळेत होता, त्यास अंगरख्यासह आणविले. गिरमाजीने तो घातला आणि बंद बांधले. हात वर केला, तो अंगरखा जागचा हलला नाही. वाकला, मांडी घातली, एक उडी मारली, आणि अंगावर वस्त्र आहे की नाही हे कळेना. बाही उलटून पाहिली तो बगलेत चौकोनी तुकडा असा बेमालूम बसविलेला की टाका शोधावा लागे. उस्ताद म्हणाले, "मी तो मागच्या अंगाने जाताना पाहिला आणि त्या दिवशी मला जेवण गेले नाही. हा मनुष्य माझ्याहून चांगली बाही लावतो. आणि तू चाळीस हातांवरून, खांबाआडून पाहिलेस आणि लिहिलेस की झोप आली." गिरमाजीचे कान लाल जाहले. भर दरबारात तो खेमाजीपुढे गेला, हात जोडिले आणि म्हणाला, "मी चुकलो. न शिवता बोललो ते असो, पण न पाहताही बोललो." खेमाजी गावंढळ, भिडस्त, तो इतकेच म्हणाला, "झोप येण्याजोगा सैल आहे खरा." यावर महाराज पुन्हा हसले.

मग निवाडा जाहला तो ऐसा. वकिलांच्या स्वागताचे पोशाख उस्ताद आणि खेमाजी या दोघांनी एकत्र करावे. गिरमाजीची लेखणी मोडू नये, परंतु त्याने सहा महिने उस्तादांच्या कारखान्यात बसावे आणि पुढे वस्त्र हाती घेतल्यावाचून एक अक्षर लिहू नये. दिवाण उसवलेल्या बाहीनिशी "जैसी आज्ञा" म्हणाले, आणि त्यांसही घरी जाऊन मोकळा श्वास घेता आला असे त्यांच्या घरची माणसे सांगत.

कारखान्यात पहिला महिना गिरमाजीने काजे केली आणि बोटे टोचून घेतली. त्याचे पहिले काज पाहून उस्ताद म्हणाले, "यातून बैल जाईल." एके दुपारी खेमाजी कापड बेतीत होता, तेव्हा गिरमाजीने धीर करून विचारले, "उस्ताद, आपणांस बाही येते. मग त्या बारांत का आली नाही?" उस्तादांनी सुई खाली ठेविली. म्हणाले, "पहिली दहा वर्षे मी रोज भीत होतो, म्हणून चांगले काम होत होते. मग जे करीन त्यास वाहवा. एकदा मुद्दाम एक बाही आखूड लाविली, कोणी काही म्हणेल म्हणून वाट पाहिली. पुढल्या हंगामात सारा दरबार एक बाही आखूड घालू लागला. तेव्हा मी कोणासाठी नीट शिवावे, बेटा? तुझा कागद वाचला त्या दिवशी राग आला, आणि रात्रीस वीस वर्षांत प्रथमच गाढ निजलो." गिरमाजीने हातातले काज उसवून पुन्हा करावयास घेतले.

आषाढात वकील आले, सरदार त्यांस कडकडून भेटले आणि एकही शिवण उसवली नाही. मग कार्तिक आला. उस्तादांनी या खेपेस आठच पोशाख आणिले, सुताचे आणि रेशमाचे. गिरमाजीने आठही हाती घेऊन पाहिले. दुसरे दिवशी पहाटेपासून तलावावर गर्दी, कारण लोकांस पाहावयाचे होते की शागीर्द आता उस्तादांविषयी काय लिहितो. कागद लागला. सात पोशाखांची स्तुती मनापासून, आणि शेवटी ओळ की "पाचव्याचा गळपट्टा पाहून वाटले, उस्तादांस कोणी मध्येच हाक मारली असावी." गर्दी चपापली, कारण उस्ताद स्वतः चाळिशी लावून येत होते. लोकांनी वाट दिली. त्यांनी ओठ हलवीत सारा कागद वाचला, शेवटची ओळ पुन्हा वाचली, मग गिरमाजीच्या कानावरची लेखणी काढून खाली लिहिले, "गळपट्टा चुकला, कबूल. सहाव्याची पाठ पाहिलीस काय?"

गिरमाजीने डोळे मिटून आठवून पाहिले. बाही पाहिली होती, अस्तर पाहिले होते. पाठ पाहिली नव्हती. तो तसाच अनवाणी कारखान्याकडे पळाला आणि मागे अर्धी नगरी. सहावा अंगरखा खुंटीवर होता. त्याने तो फिरविला, तो पाठीस शिवणच नव्हती. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत एकच अखंड कापड, इतके नेमके बेतलेले की कोठे चुणी नाही, कोठे ताण नाही. त्याने त्यावरून दोनदा हात फिरविला. मग माघारा येऊन, धापा टाकीत, त्याने कागदाच्या तळाशी मोठ्या अक्षरांत लिहिले, "लोकहो, माझे आधीचे लिहिणे बाजूस ठेवा आणि सहाव्याची पाठ पाहा." उस्ताद तलावाच्या पायरीवर बसले होते, ते असे मोठ्याने हसले की पाण्यावरची बदके उडाली.

एवंच, त्या संवत्सरी त्या राज्यात बारा पोशाख फसले, आठ साधले, एक दिवाण मोकळे जाहले, आणि दोन माणसांस एकमेकांत आपले काम नीट पाहणारा मनुष्य लाभला. जे घडले ते इतके. लिहिण्यात टाका चुकला असेल तो वाचणाराने नि:शंक दाखवावा. लेखनसीमा.