सोडियमवाल्याला खोली नाही

गेल्या दसऱ्यानंतरच्या सोमवारी, सकाळी दहाच्या सुमारास, शिरवण्यातल्या जनार्दन म्हात्रे यांनी एका तरुण इंजिनिअरला खोली नाकारली. भाडं ठरलं होतं, किल्ली टेबलावर आली होती. म्हात्रे यांनी सहज विचारलं, "कामाला कुठं?"

"बॅटरीच्या कंपनीत, काका."

म्हात्रे खूश झाले. "लिथियम?"

"नाही, सोडियम."

म्हात्रे यांनी किल्ली उचलून खिशात टाकली. "सोडियमवाल्याला खोली नाय."

म्हात्रे माझे घरमालक. वय अडुसष्ट. भाडेकरूची जात ते विचारत नाहीत, तो मासे खातो की नाही हेही विचारत नाहीत. नेरुळ परिसरात ही दुर्मीळ गोष्ट आहे. त्यांचा आक्षेप फक्त बॅटरीला. इमारतीखाली कुणी नवी इलेक्ट्रिक स्कूटर उभी केली की ते उकिडवे बसून सीटखालची पट्टी वाचतात. लिथियम असेल तर सीटवर थाप मारतात. "लेकरू आपलंच हाय."

कारण साधं आहे. त्यांनी परदेशातल्या एका लिथियमच्या खाणीचे शेअर घेतले होते. ती खाण कुठल्या देशात आहे, हे ते नकाशावर दाखवू शकत नाहीत. "नवी मुंबई झाली तवा आमाला तरी नकाशा कुनी दाखवला?" असा त्यांचा प्रतिसवाल असतो.

नवं शहर वसवताना सरकारने त्यांच्या वडिलांची भातशेती आणि मिठागर घेतलं. बऱ्याच वर्षांनी मोबदल्यात, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के एवढा, भूखंड मिळाला. इकडे त्याला नुसतं 'साडेबारा टक्के' म्हणतात. म्हात्रे यांनी तो बिल्डरला विकला. अर्ध्या पैशात गावठाणात ही चार मजली इमारत उभी केली. उरलेला अर्धा भाग वाशीच्या एका दलालामार्फत खाणीत गेला. तेव्हा जो तो सांगत होता की यापुढे जग लिथियमवर चालणार. म्हात्रे यांचं म्हणणं वेगळं होतं: "जमीन वरून दिसते, म्हनून सरकार घेते. खान पोटात असते. पोटातलं कोन घेनार?"

पहिली काही वर्षं भाव चढला. म्हात्रे यांनी इमारतीत पेढे वाटले. मग भाव उतरला. खाणी जास्त निघाल्या, माल पडून राहिला, आणि टीव्हीवर सोडियमच्या बॅटरीची बातमी आली. स्वस्त, आणि खाण नको. सोडियम तर मिठातही असतं.

ती बातमी त्यांनी माझ्याकडून तीनदा समजून घेतली. मी पेपरात काम करतो, म्हणून बातमीचा दोष माझ्याकडे.

"कुठलं मीठ, पेपरवाले? आपलं खायाचं?"

"त्याच जातीचं."

"म्हंजे माझ्या बाबूसच्या आगरातलं?"

मी हो म्हणालो. त्या दिवसापासून त्यांनी जेवताना वरून मीठ घेणं सोडलं. ते काम डॉक्टरांना पाच वर्षांत जमलं नव्हतं. त्यांच्या पत्नी भाजी निवडता निवडता जिन्यात सगळ्यांना सांगत, "ह्यांच्या बापानं मिठावर घर चालवलं, न ह्ये मिठालाच शिव्या घालतान."

दिवाळीच्या आधी खाणीच्या कंपनीने काम थांबवल्याचं जाहीर केलं. दलालाचा फोन आला: उरलंय ते काढून घ्या, पुढे तेही मिळणार नाही. मुलगा म्हणाला, विका. पत्नी म्हणाल्या, विका. म्हात्रे म्हणाले, "खान ती खान. आज बंद, उद्या चालू."

चार दिवसांनी ते माझ्याकडे फाइल घेऊन आले. विक्रीचा अर्ज इंग्रजीत होता. जुने कागद बघून तो भरायचा होता. जुन्या कागदावर 'नॉमिनी' या रकान्यात मुलाचं नाव नव्हतं, पत्नीचंही नव्हतं. यमुना ठाकूर, राहणार नावडे, असं होतं.

"बहीन माझी," म्हात्रे म्हणाले.

भूखंड मिळाला तेव्हा यमुनाबाईंचाही त्यात निम्मा वाटा होता. इथल्या बहिणी तो सोडतात. हक्कसोड म्हणतात त्याला. माहेर तुटू नये म्हणून सही करतात, साडी घेतात, जेवून परत जातात. यमुनाबाईंनीही तेच केलं. खाणीत गेलेला अर्धा भाग तो होता.

"मग तेव्हाच त्यांना का नाही दिला?"

"सगल्या गावात कुनी बहिनीला दिला नाय. मीच दिला असता तर गाव हसला असता." फाइल मिटत ते म्हणाले, "म्हटलं, वाढू दे. मी मेल्यावर आपसूक तिला भेटंल. जित्तेपनी कुठल्या तोंडानं देऊ?"

शेअर विकले की नॉमिनीचं नावही जाणार होतं. चार दिवस विक्री अडली होती ती त्यामुळे.

विक्री झाली. आलेल्या रकमेत नावड्यात एक खोलीही आली नसती. म्हात्रे यांनी तेवढ्याचा चेक यमुनाबाईंच्या नावे लिहिला आणि मला सोबत यायला सांगितलं. "तू बोल. मला नाय जमायचा."

यमुनाबाई ओट्यावर सुके बोंबील निवडत होत्या. वय त्रेसष्ट, शाळा तिसरीपर्यंत. भावाला बघून त्या उठल्या. "दादा! दोन वर्सं झाली. रागावलास का काय माज्यावर?"

म्हात्रे यांनी मान हलवली आणि पाकीट पुढे केलं. यमुनाबाईंनी पदराला हात पुसले, आतला कागद काढला आणि सुनेला हाक मारली. "अगं, पेन आन."

"ताई, वाचून तर बघा," मी म्हणालो.

"दादानं आनलाय. त्यात वाचाचा काय? मागच्या वक्ताला तरी कुठं वाचला?"

सुनेने पेन आणलं. यमुनाबाईंनी चेक गुडघ्यावर पालथा ठेवला, एकेक अक्षर जोडत मागच्या कोऱ्या बाजूला सही केली आणि तो म्हात्रे यांच्या हातात परत दिला. "बस, च्या टाकते."

म्हात्रे बसले. चहा झाला. मी दोनदा बोलायला सुरुवात केली. दोन्ही वेळा म्हात्रे यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

या गोष्टीला पाच आठवडे झाले. चेक म्हात्रे यांच्याकडे आहे.