दोन फुटांवरून तपासणी

मी कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. 'अपघाताविना चारशे बारा दिवस' हा फलक माझ्या हस्ताक्षरात आहे. (चारशे तेराव्या दिवशी फलकच माझ्या पायावर पडला. तो अपघात मी मोजलेला नाही.) त्यामुळे आमची लेक छकुली चालायला लागल्यावर एका रविवारी मी घराची तपासणी करायचं ठरवलं. ऑफिसातून पिवळे स्टिकरही आणले. 'धोका. दूर राहा.'

वाफाळता चहा टेबलावर ठेवून, हात मागे बांधून मी घरभर फिरलो. औषधं वरच्या फळीवर, बादली रिकामी करून पालथी, पलंग खिडकीपासून लांब.

"घर सुरक्षित आहे," मी निकाल दिला.

"उभ्याने बघितलंत," बायको कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. "तिच्या उंचीवरून बघा."

मी रांगायला लागलो. छकुली लगेच पाठीवर बसली. खालून घर निराळंच दिसत होतं. सोफ्याखाली एक गोळी होती.

"ही कोणाची?"

"तुमची. रक्तदाबाची. मंगळवारी शोधत होतात."

"आणि खालच्या कप्प्यातलं ब्लेड?"

"दाढी घरात आणखी कोण करतं?"

लोंबणारा चार्जरही माझाच निघाला. सहा स्टिकर लावले, सहाही माझ्याच वस्तूंवर.

तेवढ्यात छकुली पाठीवरून उतरली आणि तिने दोन्ही मुठींनी टेबलक्लॉथ ओढला. वर माझा चहा होता. मी रांगतच झेप घेतली. टेबलक्लॉथ तिच्या डोक्यावर आला आणि ती आत खिदळू लागली. चहा कुठेच नव्हता.

"कप?" मी कसंबसं विचारलं.

बायकोने वर बोट दाखवलं. कप फळीवर, औषधांशेजारी होता. "तुम्ही ठेवलात तेव्हाच उचलला. रोजच उचलते."

मी जमिनीवरच बसून राहिलो. माझ्या चारशे बारा दिवसांमागे अख्खं खातं राबतं. ही एकटी, फलकाशिवाय, तेच करत होती आणि मला पत्ताही नव्हता. मला तिचा फार अभिमान वाटला.

सोमवारी निघताना छकुलीने मागून पायाला मिठी मारली. मी भरून पावलो. कारखान्यात सगळ्यांना जमवून बायकोचं कौतुक केलं, घर छकुलीच्या उंचीवरून कसं बघावं ते सांगितलं. टाळ्या पडल्या. मी वळलो, तर टाळ्या थांबून हशा पिकला.

चार्जरवरचा पिवळा स्टिकर माझ्या पँटवर होता. मागच्या बाजूला, जमिनीपासून बरोबर दोन फुटांवर.