दगाआप्पा आणि टाकीतले जीव

दगाआप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी संडासात डोकावतात. चहा नंतर. तिथे ॲसिडची बाटली दिसली की त्यांचा चेहरा पडतो. "हे टाकीत ओतता? त्या बी जीव शेतस, भाऊ!"

जीव म्हणजे सेप्टिक टँकमधले जंतू. मैला तेच कुजवतात, आणि ॲसिडने तेच मरतात. गुजरातेत, कडोदऱ्याजवळच्या आमच्या सोसायटीत गटारलाइन नाही. प्रत्येक घरामागे ज्याची त्याची टाकी. आप्पांचा जन्म कापडाच्या लूमवर गेला, पण लूमबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत. मी परभणीचा, त्यांची अहिराणी मला निम्मीच कळते. टाकीचं मात्र सगळं कळतं, कारण ते रोज सांगतात. मोरीत तेल ओतू नका, डायपर टाकू नका, दोन-तीन वर्षांनी गाळ उपसून घ्या. कुणाचं झाकण उघडं दिसलं की लांबूनच ओरडतात, "वाकू नको रे! गॅस राहतो!"

एका लग्नात तर जिलेबी वाढणाऱ्यालाच त्यांनी विचारलं, "उरलेलं तूप कुठं ओतणार?"

तो बिचारा म्हणाला, "काका, पहेलां जमी लो ने!" म्हणजे, आधी जेवून तर घ्या.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याच टाकीची भिंत खचली. टँकरने उपसा झाला आणि गवंड्याने सांगितलं, आठवडाभर संडास बंद. घरात आम्ही दोघं, दोन मुली आणि गुडघ्यांनी अधू झालेली आई. जायचं कुठे?

"माझ्याकडे," आप्पा म्हणाले. "दहा माणसांची टाकी बांधली मी. वापरतो एकटा."

दोन्ही मुलांचे संसार इथेच होतील म्हणून त्यांनी ती बांधली होती. एक मुलगा वापीला गेला, दुसरा पुण्याला. काकू जाऊन चार वर्षं झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बादल्या घेऊन गेलो, तर आप्पांनी आईसाठी भिंतीला धरायला दांडा बसवून घेतलेला. नवा साबण. थांबणाऱ्यांसाठी ओट्यावर खुर्च्या, आणि चहा. मुली नंबरावरून भांडायच्या, आप्पा निवाडा करायचे. "आज धाकलीचा पहिला!" आई आत, आप्पा बाहेर, आणि दाराआडून दोघांच्या गुडघेदुखीच्या गप्पा. सहा घरं पलीकडे हसणं ऐकू जायचं.

आठव्या दिवशी गवंडी म्हणाला, "झालं. वापरा आता."

आप्पा आले. नव्या सिमेंटवर अंगठा दाबून म्हणाले, "आजून वल्लं शे. दोन दिन लागतीन."

"अहो आप्पा, परवाच सुकलंय," गवंडी हसला.

आप्पांनी अंगठाही उचलला नाही, मानही.

माझी बायको पुढे झाली. "आप्पा म्हणतात तर ओलंच असणार. उद्या येतो आम्ही."

"मग दूध जास्तीचं सांगतो," म्हणत आप्पा लगबगीने निघालेसुद्धा.