ज्वारीतल्या तेरा सीड्या

"माय, टीव्हीवर ठेवलेली सीडी कुठी हाये?"

"ती? परवाच वावरात टांगली. ज्वारी हुरड्यावर आली ना."

धम्मरत्नच्या हातातला चहा बशीत सांडला. अकरा वाजता कारंज्याच्या कॉलेजात समिती यायची होती. तिथले आठही संगणक म्हातारे, त्यांच्या हार्ड डिस्क केव्हाच निकामी झालेल्या. आज ते चालले नाहीत तर भंगारात जाणार, आणि त्यांच्या मागोमाग कंत्राटी शिक्षक धम्मरत्न घरी बसणार, हे ठरल्यासारखंच होतं.

म्हणून दोन महिने खपून त्याने हार्ड डिस्कशिवाय संगणक चालवणारी स्वतःची लिनक्स सीडी घडवली होती. ती एका संगणकात घातली की तो जागा व्हायचा आणि वायरीवरून उरलेल्या सातांना उठवायचा. मग आठ म्हातारे बैल एकाच जुवाला जुंपावेत तसे सगळे मिळून एकच काम ओढायचे. बारा सीड्या फसल्या, तेरावी जमली. फसलेल्या बारा त्यानेच मायला पाखरं हाकायला दिल्या होत्या. तेरावीवर नाव घालायचं मात्र राहिलं. कोरी सीडी आता अख्ख्या कारंज्यात मिळत नव्हती, आणि पेन ड्राइव्ह त्या म्हाताऱ्यांच्या ओळखीचा नव्हता.

तो धावतच वावरात पोचला. मागून माय, लिलाबाई, आली.

"यातली नवी कोणती?"

"मले काय ठाऊक? समद्या एकाच दोरीत ओवल्या."

"मंग समद्याच सोड."

"अन् पाखरं?"

"आजच्या दिवस तू हाकल."

"तुह्या कॉलेजापायी मी बुजगावणं होऊ का रे?"

पण तोवर तेरा सीड्यांची माळ गळ्यात घालून धम्मरत्नने गाडीला किक मारली होती.

पहिल्या सीडीने काळा पडदा दाखवला. दुसरी अर्ध्यात थिजली. पाचवीने एकट्याच संगणकाला जागं केलं, शेजाऱ्यांना ओळखसुद्धा दाखवली नाही. प्रत्येक चूक धम्मरत्नला चेहऱ्यानिशी आठवत होती, सगळ्या त्याच्याच तर होत्या.

"गाडी गेटात आली," प्राचार्य जाधव दारातून कुजबुजले. "काही चालू झालं का?"

"होऊन राह्यलं, सर." होत काहीच नव्हतं.

समितीच्या प्रमुख साधना मॅडम आत आल्या तेव्हा बारावी सीडी बाहेर पडत होती. उरली एकच. तिच्यावर पाखरांनी इतकं शिटून ठेवलं होतं, की त्याने ती पहिल्यापासूनच बाजूला सारली होती.

"हे काय आहे?" मॅडमनी नाक मुरडलं.

"वावरातलं हाये, मॅडम." आपण काय बोलतोय हे त्याचं त्यालाच कळेना.

त्याने सीडी रुमालाने घासून पुसली आणि आत सरकवली. ड्राइव्ह घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. मग पहिला पडदा उजळला. मग दुसरा, तिसरा. शेवटी आठवाही उठला. मॅडमनी घातलेलं भलंमोठं गणित आठांनी मिळून चहा येईपर्यंत सोडवलं.

"हे भंगारात काढू नका," मॅडम म्हणाल्या, "आणि या सरांनाही सोडू नका."

संध्याकाळी तो वावरात परतला, तेव्हा घसा बसलेली लिलाबाई बांधावर टेकली होती. त्याने अपराध्यासारखी माळ पुढे केली.

"एक कमी हाये, माय. ती कॉलेजातच ठेवा लागली."

लिलाबाईने एकेक सीडी उलटून पाहिली आणि तिचा चेहरा खुलला.

"शिटलेली ठेवली ना? बरं केलं. बारा चांगल्या बनवल्या लेका, तेवढी एकच बिघडली व्हती. पाखरं तिले भेतच नव्हते!"