साळवे सरांना कुणी लिहिलं?

थांबा, बाकी सगळं नंतर. हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. लाईट आलीय, कधी परत जाईल सांगता येत नाही, आणि आज सकाळी जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझी बोटं काही गप्प बसणार नाहीत. टायपिंगच्या चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

पण आधी साळवे सर कोण ते सांगते.

आमच्या भिंगारला लग्नात आहेराची भांडी माइकवरून पुकारतात. अमक्यांकडून कळशी, तमक्यांकडून पातेलं. भांड्यावर नाव कोरलेलंच असतं, पुकारणाऱ्याने फक्त वाचायचं. मग एक स्टीलचा डबा हातात येतो. तो माणूस डबा फिरवून बघतो, बूड बघतो, झाकण बघतो आणि माइकवर म्हणतो, "ह्याच्यावर नाव न्हाई. म्हंजे साळवे सर." सगळा मांडव हसतो. मागच्या रांगेत जिलेबी खात बसलेल्या सरांचा चेहरा पडतो.

दर लग्नात हेच. सर नाव न घालता डबा देतात आणि दर वेळी सगळ्यात आधी सापडतात.

"चूक कळली का स्वाती?" ते मला म्हणाले होते. "सगळ्यांनी नाव घातलं, मी एकट्याने नाही घातलं, म्हणून मीच जास्त दिसलो. एकट्याला लपता येत नाही. लपायला माणसं लागतात."

मग ते भांड्यांवर नावं कोरणाऱ्याकडे गेले आणि त्याला म्हणाले, आठवडाभर कुणाचंच नाव घालू नकोस. तो म्हणाला, "सर, मला नाव घालायचेच पैसे मिळत्यात."

तर असे सर. वय चाळिशीच्या पुढे, लग्न नाही. इंजिनियर आहेत, पुण्यात चांगली नोकरी होती. आई आजारी पडली म्हणून सोडून इथे आले आणि बाजारात रफिकभाईंच्या सायकल दुकानाच्या वर कॉम्प्युटर क्लास काढला. मी तिथे शिकवते. बोर्डावर फक्त 'कॉम्प्युटर क्लास' एवढंच आहे, कुणाचा ते नाही. परीक्षेच्या पेपरवर नाव लिहायचं नाही, हा सरांचा नियम. पेपर तपासून झाले की सर टेबलावर पालथे ठेवतात आणि म्हणतात, "ज्याचा त्याने ओळखून न्यावा." चांगल्या मार्कांच्या पेपरला दोन-तीन मालक निघतात. नापासाचा पेपर आठवडाभर तिथेच पंख्याखाली फडफडतो.

कुणी काही सांगायला आलं, की अमका असं म्हणत होता, तर सर हात वर करतात. "कोण म्हणालं ते सोड. काय म्हणालं ते सांग."

आता कामाचं. सगळी दुनिया दोन हजार साल लागलं की कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून घाबरलीय, आणि आमचे सर इंटरनेटवर निरोप पाठवायचा एक प्रोग्रॅम लिहितायत. निरोप पोचतो, पण कुणी पाठवला ते कुणालाच कळत नाही. मधे मोठं ऑफिस नाही, मालक नाही. माझा कॉम्प्युटर तुमच्या कॉम्प्युटरला देणार, तुमचा तिसऱ्याला, आणि प्रत्येकाला फक्त आपल्या शेजारचा माहीत. सर एकटे नाहीत यात. परदेशातले पाच-सहाजण आहेत, त्यांची खरी नावं सरांनाही माहीत नाहीत. सगळा प्रोग्रॅम उघडा ठेवलाय, ज्याला वाचायचाय त्याने वाचावा.

यावर रफिकभाई म्हणाले होते, "म्हंजे कुलूप बनवायचं आन् किल्लीचा नकाशा गावाला वाटायचा? सर, तुमी धंदा करू नका."

"नकाशा बघूनसुद्धा उघडत नाही, तेच खरं कुलूप, रफिकभाई," सर म्हणाले. परदेशातल्या कुणी सरांच्या कोडमध्ये भोक शोधलं की ते रडत नाहीत, क्लासमध्ये पेढे वाटतात. आम्हाला बरंय.

एकदा दुपारी मोडेमची किरकिर संपून लाईन लागली होती. खालून रफिकभाईंच्या हातोडीचा आवाज, लांब मिलिटरीच्या बाजूने बिगुल, उन्हात धूळ तरंगतेय, आणि सर खिडकीतून कडुनिंबाकडे बघत स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "माझं एक वाक्य आत्ता समुद्राखालून चाललंय." मग म्हणाले, "पुण्यात खोली शोधत होतो ना, तेव्हा घरमालक आधी आडनाव विचारायचे. ते ऐकलं की खोली कालच गेलेली असायची. आणि इथे एका माणसाशी मी किती महिने भांडतोय. त्याने अजून आडनाव विचारलं नाही. फक्त माझ्या कोडला शिव्या देतो. इतकं बरं वाटतं म्हणून सांगू."

मी फळा पुसला.

प्रोग्रॅम लिहायच्या आधी सरांनी पाकिटं करून बघितली होती. ही गंमत ऐकाच. एका पाकिटात दुसरं, दुसऱ्यात तिसरं. बाहेरच्यावर माझ्या मिरजगावच्या मामाचं नाव. मामाने ते फोडायचं, आतल्यावर माझ्या शिर्डीच्या मावशीचं नाव, ते तिला पाठवायचं. मावशीने फोडायचं, आत सरांचं. मामाला कळणार नाही चिठ्ठी शेवटी कुठं जाणार, मावशीला कळणार नाही कुठून निघाली, आणि सरांना कळता कामा नये की आमच्यापैकी कुणी लिहिली.

पहिलंच पाकीट आलं. मावशीने तिचं फोडलेलं पाकीटही सोबत घातलं होतं, त्यावर मामाचं अक्षर: "स्वातीच्या क्लासातल्या उंच पोरानं हातात आणून दिलं. पोरगं चांगलं हाय, घरचं बी बरं हाय." आणि पाकीट तेलकट, फुगलेलं. मावशीची देवळाजवळ हारफुलांची टपरी आहे, तिने आत पेढा घातला होता. मी फोन करून भांडले तर ती म्हणाली, "आगं, बाबाच्या दारातनं पाकीट तसंच कोरडं कसं पाठवू? माझा हात धजंना."

मला वाटलं सर चिडतील. सर पाकीट हातात तोलत खुशीत बसले होते. "जाडीवरून कळलं शिर्डीहून आलंय. केवढं मोठं भोक आहे हे. आता सगळ्यांनी पेढा घालायचा. सगळी पाकिटं सारखी जाड झाली पाहिजेत." मामाचा निरोप आला, मिरजगावात पेढा चांगला मिळत न्हाई, शेव चालंल का.

ते प्रोग्रॅममध्ये गेलं. आता प्रत्येक निरोप एकाच मापाचा असतो, छोटा असला तर उरलेली जागा प्रोग्रॅम काहीतरी निरर्थक भरून काढतो. त्या भागाचं नाव सरांनी कोडमध्ये 'पेढा' ठेवलंय. परदेशातल्यांनी विचारलं पेढा म्हणजे काय. सरांनी खवा कसा आटवतात इथपासून उत्तर लिहिलं. आता तिकडचा एकजण लिहितो, इथे पेढा कमी पडतोय.

मग खरी चाचणी. क्लासचे कॉम्प्युटर, शिवाय मामाने खतांच्या दुकानात नवा घेतलेला एक. मंडळी म्हणजे आमची पोरं-पोरी, रफिकभाई, चहावाला पोपट, आणि अमेरिकेतल्या मुलाला ईमेल करता यावी म्हणून क्लासला येणाऱ्या रिटायर्ड कुलकर्णी बाई. नियम एकच, प्रत्येकाने रोज एक निरोप पाठवायचा. काही लिहायचं नसेल तर रिकामा पाठवायचा, पण पाठवायचाच. म्हणजे कोण बोललं आणि कोण गप्प होतं ते कळत नाही. निरोप सगळे सरांना. सरांनी ओळखायचं कुणाचा. सरांनी ओळखलं तर प्रोग्रॅम नापास.

पहिले काही दिवस सर धडाधड ओळखत होते. पोपट चहा घेऊन आला की लगेच निरोप यायचा, म्हणून पोपट पकडला गेला. मग प्रोग्रॅम निरोप अडवून ठेवायला लागला, सगळे एकत्र मिसळून दुसऱ्या दिवशी द्यायला लागला. तरी एकदा निरोप आला, "सर मागच्या चाकात हवा कमी आहे." सर म्हणाले, "रफिकभाई, यावर माझ्याकडे उपाय नाही." रफिकभाई म्हणाले, "नाव लिवलं का मी? न्हाई ना?"

हळूहळू ओळखणं कमी झालं. मग बंदच झालं. सर खूश. या शनिवारी प्रोग्रॅम सगळ्या जगाला द्यायचा ठरलं.

आणि मागच्या आठवड्यात, रिकाम्या निरोपांच्या ढिगात एक भरलेला निघाला. सरांनी वाचला. परत वाचला. मग मला बोलावलं.

"सर, पूर्वी जिना चढताना तुम्ही शीळ घालायचात. आई गेल्या तशी ती बंद झाली. खाली सगळीकडे ऐकू यायची. आठवण येते."

त्यांची आई जाऊन दोन वर्षं झाली. खरं सांगू, शीळ बंद झालीय हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी रोज त्याच जिन्याने येते.

"स्वाती," सर म्हणाले, "कोण गं हे?"

कोण, असं सरांनी विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. चाचणीपुरती सरांनी प्रोग्रॅममध्ये एक ओळ ठेवली होती. कुठला निरोप कुणाकडून निघाला ते ती एका फाईलमध्ये लिहून ठेवायची, काही बिघडलं तर शोधायला. शनिवारच्या आत ती काढायचीच होती. पण अजून होती. फाईल समोर होती. नुसतं उघडायचं.

"बघा ना सर," मी म्हटलं. "तुमचाच प्रोग्रॅम आहे."

सरांनी माऊसवर हात ठेवला. खाली कुणीतरी घंटी वाजवून बघत होतं, ट्रिंग, परत ट्रिंग.

"पोपट असला तर मी उद्यापासून त्याला चहाचे जास्त पैसे देईन," सर म्हणाले. "कुलकर्णी बाई असल्या तर त्यांच्यासमोर लाजेन. कुणीही असलं तरी त्याला मग असं परत लिहिता यायचं नाही." आणि त्यांनी फाईल पुसली. ओळ पण काढली. मग पाणी प्यायले.

त्या दिवसापासून सर कसे वागायला लागले, तुम्ही बघायला हवं होतं. कोण ते माहीत नाही, म्हणजे कुणीही असू शकतं, म्हणून सगळ्यांशीच गोड. पोपटला विचारतात, पाय दुखतात का रे. नापास पोरांच्या खांद्यावर हात. मला दोन वेळा म्हणाले, स्वाती, घरी लवकर जा. रफिकभाईंना डझनभर केळी नेऊन दिली. रफिकभाई वर येऊन मला हळूच म्हणाले, "मॅडम, सरांचं बरं हाय ना? डागदराकडं गेल्ते का? माणूस एकदम असा चांगला झाला की मला भ्या वाटतं."

पण शीळ काही नाही.

परवा मी विचारलंच. सर म्हणाले, "घालावीशी वाटते गं. पण विचार कर. मी शीळ घातली की ज्याने लिहिलंय तो वर बघणार. हसणार. मला दिसणार. मग फाईल पुसून काय मिळवलं?"

"मग नका घालू."

"मग त्याला वाटेल निरोप पोचलाच नाही." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "किंवा पोचला, आणि या माणसाला काही वाटलं नाही."

एवढा मोठा प्रोग्रॅम, एवढी जगभरची माणसं, आणि अडलंय कुठे तर आमच्या जिन्यावर.

तर आज सकाळी. लाईट गेलेली, त्यामुळे समोरची गिरणी बंद, सगळा बाजार पाण्याखाली असल्यासारखा शांत. मी गॅलरीत उभी. खाली रफिकभाई टबातल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे बघतायत. पोपट किटली घेऊन पायरीशी. कुलकर्णी बाई स्टुलावर बसून क्लास उघडायची वाट बघतायत, तीन-चार पोरं सायकलींना टेकलेली. सर आले. सायकल लावली. जिन्याच्या तोंडाशी थांबले, आणि त्यांनी चष्मा काढला.

सरांचा चष्मा म्हणजे बाटलीचं बूड. तो काढला की त्यांना स्वतःचा हात दिसत नाही.

चष्मा त्यांनी खिशात ठेवला, चाचपडत कठडा धरला, पहिल्या पायरीवर पाय टाकला आणि शीळ घातली. आधी नुसती हवा. मग सूर. कुठलं गाणं होतं देव जाणे, मधेच दम तुटत होता, एका पायरीला नडगी आपटली तेव्हा थांबली आणि तिथूनच परत सुरू झाली.

माझ्या लक्षात आलं की मी वर उभी आहे आणि मला सगळ्यांचे चेहरे दिसतायत. कोण वर बघतंय ते आत्ता, या क्षणी, मला कळणार आहे. मी भिंतीकडे तोंड केलं. भिंतीला चुन्याचे पोपडे आलेत, तेच बघत उभी राहिले. खालून काही आवाज नाही. टबातल्या पाण्याचासुद्धा नाही.

शीळ वरच्या पायरीला येऊन संपली. सर माझ्या शेजारी उभे राहिले, धापा टाकत, चष्मा अजून खिशातच.

"लाईट आली का?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून," मी म्हटलं, भिंतीकडे बघतच.

तुम्हाला कधी झालंय का हो असं? कुणीतरी, कोण ते न सांगता, तुम्हाला एवढंसं काही चांगलं कळवलंय, आणि मग चहावाल्यापासून शेजारणीपर्यंत जो भेटेल त्याच्याकडे तुम्ही, हाच असेल, असं समजून बघत फिरलाय?